पैसे भरले, तरी मालिका आपली का नाही?

मागल्या भाद्रपदातली गोष्ट. माझा मावसभाऊ पुरंदर तालुक्यातून वाटाण्याच्या गोण्या घेऊन पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आला होता. पहाटे माल उतरला, आडत्याकडून पट्टी मिळाली आणि नऊच्या सुमारास तो आमच्या घरी चहाला आला. भाव पडल्याचे गाऱ्हाणे झाले, घरच्यांची खुशाली झाली, आणि मग त्याने सदऱ्याच्या खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढे ठेवला.

"दादा, ह्यात आईच्या मालिका भरून द्या. तुमच्याकडं नेट चांगलं हाय. अन् चोरीचं म्हणत न्हाई मी, वर्षाची वर्गणी भरलीया रीतसर."

खुब्याचे हाड मोडल्यापासून मावशी सात महिने खाटेवर होती. जन्मभर शेतात राबलेली बाई. हात रिकामे राहिले की तिला करमत नाही. संध्याकाळच्या दोन मालिका हाच काय तो विरंगुळा. घरावर डिश आहे, पण ऐन मालिकेच्या वेळी वीज गेली की तो भाग बुडतो. मग मोबाइलवर पाहावा, तर वस्ती डोंगराच्या आडोशाला. रेंज कधी असते, कधी नसते. चित्र मध्येच थांबते आणि गोल चाक फिरू लागते. मावशी विचारते, "फिरतंय का रं अजून त्ये चाक?" म्हणून भावाने विचार केला, की पुण्यातून मालिका भरून न्याव्यात आणि वीज असेल तेव्हा टीव्हीला लावून द्याव्यात. मोठ्या पडद्यावर आईला नीट दिसेल तरी.

आम्ही दोघांनी तासभर खटपट केली. कंपनीच्या ॲपने त्याच्या मोबाइलमध्ये काही भाग उतरवून ठेवले होते. तिथे ते नेट नसतानाही छान दिसत. पण तेच भाग पेन ड्राइव्हवर घ्यावेत म्हटले, तर ते सापडेचनात. शोधता शोधता काही तुकडे हाती लागले, ते संगणकाने उघडले नाहीत. शेवटी भाऊ वैतागला.

"म्हंजे आपल्या पैशाचा माल, आपल्याच घरात, अन् किल्ली दुसऱ्याच्या खिशात? ह्ये कसलं इकत घेणं?"

वाचकहो, त्याचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि मला त्याचे उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही. पुढे मी थोडी चौकशी केली, थोडे वाचन केले. त्यातून जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण आता घरोघरी मोबाइल आहे, मालिका मोबाइलवर आल्या आहेत, आणि हे न दिसणारे कुलूपही आपल्या घरात आले आहे.

कुलूप असते कसे?

पूर्वी व्हिडिओ कॅसेट होती. एकीवरून दुसरी काढली की चित्र थोडे पुसट होई. तिसरी, चौथी काढली की माणसे ओळखू येईनात. नक्कल आपोआपच कमी प्रतीची होई. डिजिटल मालाचे तसे नाही. पहिली प्रत जशी, तशीच दहा हजारावी. नक्कल करायला खर्च नाही, वेळ नाही. म्हणून कंपन्यांनी कुलूप आणले.

मालिकेचा एक भाग कंपनीकडे असतो. त्याचे काही सेकंदांचे एक असे बारीक तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा सांकेतिक लिपीत टाकतात. हा सगळा माल तुमच्या मोबाइलमध्ये येतो तो कुलूपबंदच येतो. तुम्ही भाग सुरू केला, की ॲप कंपनीच्या यंत्राकडे किल्ली मागते. ते यंत्र पाहते: या माणसाची वर्गणी भरली आहे का? किती मोबाइलवर एकदम चालू आहे? हा कोणत्या देशात बसला आहे? सगळे ठीक असेल तर किल्ली येते. ती तुमच्या हाती पडत नाही. मोबाइलच्या आतच राहते आणि चित्र तेवढे पडद्यावर उलगडते. त्या किल्लीला मुदत असते. मुदत संपली, की उतरवून ठेवलेला भागही उघडत नाही. माल घरात, पण उपयोग शून्य.

या कुलपाचे कारखानदार तीन मोठे आहेत. गूगलचे 'वाइडवाइन', ॲपलचे 'फेअरप्ले' आणि मायक्रोसॉफ्टचे 'प्लेरेडी'. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त मोबाइलमध्ये गूगलचे कुलूप असते. त्यातही कमी-जास्त मजबुतीचे प्रकार आहेत. मोबाइल हलक्या प्रकारचा असेल, तर कंपनी त्याला मुद्दाम कमी स्पष्ट चित्र पाठवते. मालिका चालू असताना पडद्याचा फोटो काढला तर तो काळा येतो, तोही या कुलपाचाच गुण. तेव्हा चित्र काळे आले म्हणून लगेच दुरुस्तीवाल्याकडे धावू नका. मोबाइल बिघडलेला नसतो.

माझ्या भावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. त्याने घेतलेली वर्गणी सर्वांत स्वस्त, म्हणजे फक्त मोबाइलपुरती होती. टीव्हीवर पाहण्याची परवानगी तिच्यात नव्हतीच. पैसे भरताना तसे लिहिलेले होते, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. खताच्या पोत्यावरचे आकडे आपण नीट वाचून घेतो; तसे हेही वाचायला हवे होते.

कुलूप कशासाठी?

कुलूप आहे म्हणून कंपनीला शिव्या देणे सोपे आहे. पण दुसरी बाजूही पाहू. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडे घडत होती, 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे. अशी मालिका गावात येते तेव्हा कोणाचा वाडा भाड्याने जातो, कोणाची बैलजोडी, कोणाचा ट्रॅक्टर. गावातल्या पोरांना चार दिवस काम मिळते. कलाकार, लेखक, दिवे उचलणारे, रंगभूषा करणारे, जेवण रांधणारे अशा पुष्कळ जणांची चूल त्यावर पेटते. तुमची वर्गणी आणि मधल्या जाहिराती यांतूनच हा पैसा येतो. माल फुकट वाटला गेला, तर पुढचा हंगाम पेरायला कोणी उभे राहणार नाही.

जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलमधून मोबाइलमध्ये फिरू लागल्या. तो चित्रपट एवढा गाजला, की तरीही तरला. पण दरवर्षी जे डझनांनी लहान मराठी चित्रपट निघतात, त्यांना असला घाव सोसत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. आपल्या देशात १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा आहे, त्यालाच आपण कॉपीराइट म्हणतो. जाणूनबुजून हा हक्क मोडणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. धंद्यासाठी, नफ्यासाठी केले नसेल तर न्यायालय ती कमी करू शकते. चित्रपटगृहात बसून मोबाइलवर चित्रपट टिपणाऱ्यांसाठी २०२३ साली चित्रपटाच्या कायद्यात वेगळी दुरुस्ती झाली. त्यात कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात 'कार्ड भरून मिळेल' म्हणणारी पोरे आपल्याच घरातली असतात. बारावी झालेली, नोकरी नसलेली. पन्नास रुपयांत मेमरी कार्ड भरून देतात आणि त्यांना वाटते, यात काय मोठे? पण कायद्याच्या नजरेत हा धंदा झाला. एखाद्या दिवशी धाड पडली, की दुकान जाते, संगणक जातो आणि पोराच्या नावावर गुन्हा लागतो. पोलीस भरतीच्या किंवा नोकरीच्या वेळी तोच आडवा येतो. तुमचा मुलगा किंवा पुतण्या हे करत असेल, तर त्याला आजच जवळ बसवून समजवा.

बियाण्याची पिशवी आणि मालिका

माझ्या भावाला ही गोष्ट पटली ती बियाण्याच्या दाखल्याने. मी त्याला विचारले, "तू सरळ वाणाचा हरभरा पेरतोस, त्यातलं बी पुढच्या वर्षाला राखतोस की नाही?"

"राखतो की."

"आणि संकरित मक्याचं?"

"त्याचं राखून काय उपेग? पुन्हा पेरलं तर कणसं येडीवाकडी येत्यात. दरसाल पिशवी इकतच घ्यावी लागती."

झाले! कुलूपबंद मालिका म्हणजे संकरित बियाण्याची पिशवी. एका हंगामापुरती. आणि डीव्हीडी, पुस्तक किंवा ग्रामोफोनची तबकडी म्हणजे सरळ वाणाचे बी. घरात ठेवावे, शेजाऱ्याला पाहायला द्यावे, नातवाला दाखवावे.

पण हा दाखला इथेच संपत नाही. १९९८ साली 'टर्मिनेटर' बियाण्यावरून आपल्या देशात मोठे रण माजले होते, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. पेरले की एकदा पीक येणार, पण त्याचे दाणे पुन्हा रुजणारच नाहीत, असे ते तंत्र. बियाण्याच्या पोटातच घातलेले कुलूप! शेतकरी खवळले. पुढे २००१ साली पीक वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा झाला, तेव्हा त्यात दोन गोष्टी आल्या. असल्या तंत्राच्या वाणाला नोंदणी मिळणार नाही, ही एक. आणि शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क राहील, ही दुसरी. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखी छापील पिशवी करून विकता येणार नाही. म्हणजे वाण तयार करणाऱ्याचे कष्टही मानले आणि शेतकऱ्याच्या कणगीलाही हात लावला नाही.

मालिकांच्या बाबतीत असा समतोल आहे का? थोडासा आहे. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात कलम ६५-अ आले. डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड असे ते कलम. पण त्यात एक शब्द महत्त्वाचा आहे, तो म्हणजे हेतू. हक्क मोडण्याच्या हेतूने कुलूप तोडले, तर गुन्हा. अमेरिकेत १९९८ साली झालेला कायदा याहून कडक आहे. तिथे काही ठरावीक सवलती सोडल्या, तर कुलूप तोडणे हेच बेकायदा, मग हेतू काही असो. आपल्या कायद्याने दार किलकिले तरी ठेवले आहे. मात्र याचा अर्थ 'तोडा कुलूप' असा कोणी घेऊ नये. वर्गणी भरताना आपण कंपनीच्या अटींना होकार दिलेला असतो, आणि कलमांचा कीस काढणे हे वकिलांचे काम आहे.

नॉर्वेच्या पोराचा खटला

या संदर्भात परदेशातली एक हकिकत सांगण्याजोगी आहे. डीव्हीडीलाही कुलूप असे. शिवाय कंपन्यांनी जगाचे भाग पाडून प्रत्येकाला एक क्रमांक दिला होता. भारताचा क्रमांक पाच. अमेरिकेहून कोणी नातेवाइकाने डीव्हीडी आणली आणि ती इथल्या यंत्रात चालली नाही, असा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. तो याच क्रमांकांमुळे.

नॉर्वेत जॉन योहान्सन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. रीतसर विकत घेतलेली डीव्हीडी आपल्या संगणकावर पाहता यावी, यासाठी त्याने १९९९ साली आणखी दोघांच्या साथीने ते कुलूप उघडणारी एक युक्ती तयार केली. बड्या चित्रपट कंपन्यांनी तक्रार केली, पोलीस घरी आले, खटला उभा राहिला. २००३ च्या जानेवारीत न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. अपिलातही त्याच वर्षाच्या डिसेंबरात तोच निकाल कायम राहिला. विकत घेतलेली चकती माणसाने आपल्या घरी कशी पाहावी, यावर कंपनीची सत्ता चालत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

माझा भाऊ तेच म्हणत होता. फरक एवढाच, की नॉर्वेच्या मुलाने चकती विकत घेतली होती. माझ्या भावाने मात्र पाहण्याची परवानगी तेवढी भाड्याने घेतली होती. 'विकत' आणि 'भाड्याने' हे दोन शब्द कंपन्यांनी जाहिरातीत ठळक लिहिले, तर अर्धी भांडणे मिटतील.

गाण्यांच्या बाबतीत मात्र कुलूप गेले. ॲपल कंपनी गाणी विकत असे, तीही कुलूपबंद. २००९ साली तिने ते कुलूप काढून टाकले आणि त्यामुळे गाण्यांचा धंदा बुडाला नाही. मालिका हीच कंपनी २००५ पासून विकते. त्यांचे कुलूप मात्र राहिले.

उद्या कंपनीच राहिली नाही तर?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भाड्याच्या मालाचा मालक बदलला तर काय होते?

'कलर्स मराठी'च्या मालिका 'वूट' नावाच्या ॲपवर असत. २०२३ साली 'वूट' 'जिओसिनेमा'त मिसळले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'जिओसिनेमा' आणि 'डिझ्नी प्लस हॉटस्टार' एक होऊन 'जिओहॉटस्टार' झाले. पाहणाऱ्याने दरवेळी नवे ॲप घ्यावे आणि आपली जुनी मालिका तिथे आहे की नाही, ते शोधावे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१९ साली आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा लोकांनी पैसे देऊन घेतलेली कुलूपबंद पुस्तके उघडेनाशी झाली. कंपनीने पैसे परत केले हे खरे, पण घरातली पुस्तके अशी एका रात्रीत गेलेली आपण कधी ऐकली आहेत का?

ही भीती काय असते, हे आमच्या पुण्याला चांगले ठाऊक आहे. 'प्रभात' कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. १९३६ चा 'संत तुकाराम' इथलाच. पुढे कंपनी बंद पडली आणि त्याच जागेत १९६० साली चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था सुरू झाली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात निघाले. पी. के. नायर यांनी तिथे जन्म घालवला. कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या गोदामातून गंजलेले डबे त्यांनी गोळा केले. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे जे काही उरले आहे, ते असल्या खटपटीमुळे उरले.

जुनी फिल्म नायट्रेटची असे आणि ती गवताच्या गंजीसारखी पेट घेई. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची मूळ रिळे जळून गेली. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या, न पेटणाऱ्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते चित्रपट वाचले. प्रत होती म्हणून वाचले.

आज घरोघरी पाहिली जाणारी मालिका पन्नास वर्षांनी कोणी पाहायची म्हटली, तर ती कुठे मिळेल? पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे; प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यावी लागते. मालिका त्या कायद्यात येत नाहीत. कायद्याने चित्रपटाचा हक्क साठ वर्षांनी संपतो आणि मग तो सर्वांचा होतो. पण साठ वर्षांनी कुलूपबंद प्रतीची किल्लीच हरवलेली असेल, तर तो हक्क घेऊन काय करणार? म्हणून मला वाटते, की कुलूप जरूर घाला, पण एक उघडी प्रत पुण्याच्या संग्रहालयासारख्या सरकारी ठिकाणी ठेवण्याची सक्ती करा. बियाण्यांच्या बँका असतात, तशीच ही बँक.

उघडा माल पुष्कळ आहे

सगळाच माल कुलूपबंद आहे असे मात्र नाही. प्रसार भारतीने दूरदर्शनचे आणि आकाशवाणीचे पुष्कळ जुने कार्यक्रम यूट्यूबवर ठेवले आहेत. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात तिने 'वेव्हज' नावाचे स्वतःचे ॲपही सुरू केले. डीडी फ्री डिशला महिन्याची वर्गणी नाही. एकदा छत्री आणि डबा घेतला की झाले.

आपल्या पुणे जिल्ह्यातच बघा. 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही बारामतीकडची वेबमालिका गावाकडच्या मंडळींनीच केली आणि यूट्यूबवर मोकळी ठेवली. कोणीही पाहावे, मध्ये जाहिरात लागते, तिच्यातून पैसा येतो. तिथे कुलूप नाही, पण राखण आहे. यूट्यूबचे यंत्र प्रत्येक चित्रफितीचा जणू अंगठा घेऊन ठेवते. दुसऱ्याने तीच चित्रफीत आपल्या नावावर चढवली, की ते ओळखते. मग मूळ मालकाने ती बंद करावी किंवा तिच्या जाहिरातीचे पैसे आपल्याकडे घ्यावेत. शेताला कुंपण न घालता राखण करण्यासारखेच हे.

आपण काय करावे?

पहिले: पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. टीव्हीवर चालते का, किती मोबाइलवर चालते, भाग उतरवून ठेवता येतो का आणि किती दिवस, वर्ष संपल्यावर पैसे आपोआप कापले जातात का.

दुसरे: रेंज नसेल तर तालुक्याला, बाजाराला गेल्यावर ॲपमध्येच भाग उतरवून घ्या. ही रीतसर सोय आहे. मुदत कंपनीगणिक वेगळी असते, ती पाहून ठेवा.

तिसरे, आणि हे फार महत्त्वाचे: व्हॉट्सॲपवर 'सगळ्या मालिका फुकट' म्हणून एखादी फाइल आली, तर ती मोबाइलमध्ये बसवू नका. तिच्या शेवटी बहुधा 'एपीके' अशी अक्षरे असतात. असल्या फाइलमधून चोरटे मोबाइलमध्ये शिरतात, बँकेचे संदेश वाचतात आणि उसाचे बिल किंवा पीक कर्जाचे पैसे जमा झाले, की खाते रिकामे करतात. ॲप घ्यायचे ते मोबाइलमधल्या अधिकृत दुकानातूनच घ्या. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

चौथे: जे पुन्हा पुन्हा लागणार आहे, जे नातवंडांसाठी ठेवायचे आहे, ते भाड्याने घेऊ नका. पुस्तक असेल तर छापील घ्या. आणि घरचा ठेवा तर स्वतःच साठवा.

या चौथ्या गोष्टीवरूनच मावशीच्या पेन ड्राइव्हचे पुढे काय झाले ते सांगतो. भाऊ सकाळचा आलेला. दुपारी त्याला परत जायचे होते. आमच्या घरच्या नेटवर आम्ही ॲपमध्ये आठवड्याचे भाग उतरवून दिले. वर्गणी पुढच्या वेळी टीव्हीची घ्यायची, असे ठरले. पेन ड्राइव्ह मात्र रिकामाच राहिला.

निघता निघता मी त्याला पुण्यातलीच आणखी एक गोष्ट सांगितली. गी पॉइतव्हॅं आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या! गाणाऱ्या बायकांची नावे, गावे यांसकट त्या लिहून ठेवल्या, हजारोंचे ध्वनिमुद्रण केले. आता ते भांडार 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने इंटरनेटवर मोफत खुले केले आहे. ऐकायला वर्गणी नाही.

भाऊ जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आईला लई येत्यात ओव्या. जातं गेलं तवापासनं म्हणत न्हाई ती."

दिवाळीला मी त्यांच्याकडे गेलो होतो. मावशी आता काठी धरून ओसरीपर्यंत येते. भावाने टीव्हीला तोच पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर मावशी खाटेवर उशीला टेकून बसलेली, सून जवळ, आणि मावशी ओव्या म्हणते आहे. मध्येच अडते, हसते, "थांब गं, आठवू दे" म्हणते. मोबाइलवर घेतलेले साधे चित्रण, अंमळ हललेले. पण ते कोणत्याही टीव्हीवर लागते आणि त्याला मुदत नाही. त्याची एक प्रत भावाने पुण्यात माझ्याकडे ठेवायला दिली आहे, एक मुंबईच्या बहिणीकडे.

मावशीने मला विचारले, "ह्याला न्हाई ना रं ते चाक फिरत?"

मी म्हटले, "नाही मावशी. हे घरचं बी आहे."